वायूतला थेंब आणि मीटरचा आकडा

ज्यांच्या घरी गोबर गॅस होता किंवा अजून आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पावसाळ्यात किंवा थंडीच्या दिवसांत शेगडीची ज्योत मध्येच फुरफुरू लागते, लहानमोठी होते, कधी विझते. मग घरातले कोणीतरी अंगणात जाऊन नळीच्या सर्वांत खालच्या वळणावरची तोटी उघडते आणि साचलेले पाणी काढून टाकते. टाकीतून निघालेला वायू उबदार आणि बाष्पाने भरलेला असतो. नळीत आल्यावर तो निवतो, बाष्पाचे पाणी होते आणि ते पाणी वायूची वाट अडवते. नैसर्गिक वायूच्या मोठ्या वाहिन्यांतही हेच घडते. तिथे मात्र दाब शेगडीच्या नळीपेक्षा हजारो पटींनी जास्त असू शकतो, आणि वाहिनीवर एक मीटर बसवलेला असतो, ज्याच्या आकड्यावर विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे देणेघेणे ठरते. वायूबरोबर द्रव वाहू लागला तरी हा मीटर सहसा बंद पडत नाही. तो चालूच राहतो आणि चुकीचा आकडा दाखवत राहतो. ही चूक कशी होते, किती होते आणि ती ओळखायची कशी, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन आपल्या हवामानात द्रवरूप होत नाही, हे खरे आहे. परंतु जमिनीखालून येणाऱ्या वायूत एकटा मिथेन कधीच नसतो. त्याच्यासोबत इथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि त्यांच्याहून जड असे पेंटेन, हेक्झेनसारखे घटक असतात, आणि पाण्याची वाफही असते. हे जड घटक द्रवरूप झाले की पेट्रोलसारख्या वासाचा, पातळ, पाण्यासारखा किंवा पिवळसर द्रव तयार होतो. त्याला या क्षेत्रात कंडेन्सेट म्हणतात. याखेरीज माणसाने घातलेले द्रवही असतात. वायूतली वाफ शोषून घेण्यासाठी ग्लायकॉल वापरतात आणि त्याचे थोडे थेंब वायूबरोबर पुढे निसटतात. थंडीत पाणी आणि मिथेन मिळून बर्फासारखे घट्ट हायड्रेट तयार होऊ नयेत म्हणून मिथेनॉल सोडतात. कॉम्प्रेसरमधून वंगणाचे तेल येते. मीटरपाशी पोहोचणारा द्रव यांपैकी कोणताही किंवा या सगळ्यांचे मिश्रण असू शकतो, आणि तो नेमका कोणता आहे याला पुढे हिशेबात मोठे महत्त्व आहे.

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. तिथला वायू समुद्राच्या तळावरून टाकलेल्या वाहिनीने रायगड जिल्ह्यातल्या उरणला येतो. एवढ्या लांबच्या प्रवासात वायूचा दाब कमी होत जातो, समुद्राच्या पाण्याने वाहिनी गार राहते, आणि वाटेत तयार झालेला द्रव सखल भागात साचत राहतो. मग कधीतरी वायू त्याला ढकलून एकदम पुढे आणतो. द्रवाच्या अशा लोंढ्याला स्लग म्हणतात. अशा वाहिन्या जिथे किनाऱ्याला लागतात तिथे लोंढा झेलण्यासाठी लांबलचक जाड नळ्यांची रांग उभारलेली असते, तिचे नावच स्लग कॅचर. लोंढा तिथे अडतो. परंतु त्यातून सुटलेले बारीक थेंब आणि नंतर नव्याने तयार होणारा द्रव यांची काळजी पुढे प्रत्येक टप्प्यावर घ्यावी लागते.

नव्याने द्रव कसा तयार होतो, याबद्दल एक गैरसमज फार दिसतो. एखादा वायू दाबला की त्याचा द्रव होतो आणि दाब सोडला की पुन्हा वायू होतो, हे आपल्याला घरच्या सिलिंडरमुळे ठाऊक असते. त्यावरून वाहिनीतला दाब कमी केला तर वायू अधिक कोरडा होईल असे वाटते. एकाच शुद्ध पदार्थाला हा नियम लागू पडतो. अनेक घटकांच्या मिश्रणाला तो सर्वत्र लागू पडत नाही. नैसर्गिक वायूच्या बाबतीत दाबाचा असा एक पट्टा असतो की त्यात दाब उतरवला तर द्रव नाहीसा होण्याऐवजी उलट तयार होतो. त्यात भर म्हणजे दाब उतरवताना वायू स्वतःच गार होतो. ढोबळ हिशेबाने दर १ बार उतारामागे सुमारे अर्धा अंश सेल्सिअस (बार हे दाबाचे एकक, साधारण वातावरणाच्या दाबाएवढे). म्हणजे ६० बारवरून ३० बारवर आणताना तापमान १५ अंशांनी खाली येऊ शकते. दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे मीटर बसवला असेल आणि वायू आधी तापवून घेतलेला नसेल, तर तिथे द्रव तयार होण्याची सगळी तयारी आपणच करून ठेवलेली असते.

एका ठिकाणचा अनुभव इथे सांगतो. एकाच वाहिनीवरच्या दोन मापन ठाण्यांमधल्या हिशेबात काही आठवडे तफावत येत होती. पुढच्या ठाण्याचा मीटर मागच्यापेक्षा थोडा जास्त वायू दाखवत होता. मध्ये कुठूनही वायू मिसळत नव्हता, त्यामुळे जेवढा सोडला त्याहून जास्त पोहोचला असा अर्थ निघत होता, आणि तो अशक्य होता. दाब मोजून संगणकाला कळवणारा ट्रान्समीटर तपासला, तो बरोबर निघाला. मीटरच्या आत बसवलेल्या, मधोमध छिद्र असलेल्या चकतीची, म्हणजे ऑरिफिस प्लेटच्या छिद्राची संगणकातली नोंद, नळीचा व्यास, वायूची घनता, सगळे पुन्हा पडताळले, त्यातही काही सापडले नाही. शेवटी कोणाच्या तरी मनात आले म्हणून तासातासाचे आकडे कागदावर मांडले, तेव्हा दिसले की तफावत दिवसभर नसतेच. ती मध्यरात्रीनंतर सुरू होते, पहाटे पाचच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि ऊन चढले की विरून जाते. त्याच पहाटे, सगळी सुरक्षा प्रक्रिया पाळून, दुहेरी कप्प्याच्या फिटिंगमधून ऑरिफिस प्लेट वर काढली. प्लेटच्या येणाऱ्या बाजूला, तळाशी, चंद्रकोरीच्या आकाराचा ओला काळसर डाग होता. हातमोज्याच्या बोटाने तो पुसला तर पेट्रोलचा वास आला. पुढच्या ठाण्याच्या आधी वाहिनीचा काही भाग जमिनीवरून उघडा जात होता. रात्री तो गार व्हायचा आणि वायूतले जड घटक तिथेच द्रवरूप व्हायचे. मीटर बिघडलेला नव्हता. त्याच्यापुढे येणारा पदार्थच रात्री बदलत होता.

मीटर जास्त का दाखवतो हे कळण्यासाठी ऑरिफिस मीटरचे तत्त्व आधी पाहू, कारण वायूच्या मापनात तो सर्वांत जुन्या आणि अजूनही भरपूर वापरल्या जाणाऱ्या मीटरांपैकी एक आहे. वाहिनीत मधोमध भोक असलेली एक चकती आडवी बसवतात. वायूला त्या अरुंद भोकातून जाण्यासाठी वेग वाढवावा लागतो आणि वेग वाढवण्यासाठी दाब खर्च करावा लागतो. चकतीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक मोजला, त्याचे वर्गमूळ काढले आणि वायूची घनता हिशेबात घेतली की प्रवाह मिळतो. मीटर वायू मोजत नाही, तो दाबाचा खर्च मोजतो आणि त्यावरून वायूचा अंदाज बांधतो, हे इथे पक्के लक्षात ठेवायला हवे.

आता वायूसोबत द्रवाचे थेंब आले. थेंब वायूपेक्षा कितीतरी जड असतात आणि स्वतःहून वेग घेत नाहीत. वायूलाच त्यांना ओढून भोकातून पार करावे लागते. रिकामी हातगाडी ढकलताना आणि पोती लादलेली हातगाडी ढकलताना चाके तितकीच फिरतात, पण अंगाला लागणारा जोर वेगळा असतो. मीटरला फक्त हा जोर कळतो. जोर वाढलेला दिसला की तो समजतो की वायू जास्त गेला.

ही वाढ किती असते याचे उदाहरण आकड्यांत करून पाहणे मला आवश्यक वाटते, कारण इथेच अंदाज सर्वांत जास्त फसतो. समजा, सुमारे ५० बार दाबाच्या वाहिनीतून दर सेकंदाला १० किलो वायू आणि त्याच्यासोबत १ किलो कंडेन्सेट जात आहे. या दाबाला वायूची घनता दर घनमीटरला ३५ किलो आणि कंडेन्सेटची ७०० किलो धरू. आकारमानाने पाहिले तर वायू दर सेकंदाला सुमारे ०.२८६ घनमीटर आणि द्रव अवघा ०.००१४ घनमीटर, म्हणजे वाहणाऱ्या एकूण आकारमानाच्या फक्त अर्धा टक्का. ‘अर्धा टक्का द्रव म्हणजे चूकही फार तर अर्धा टक्का’ असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ऑरिफिस मीटर इथे सुमारे २.८ टक्के जास्त दाखवेल.

हा आकडा कसा आला? १९४९ मध्ये लॉकहार्ट आणि मार्टिनेली यांनी नळीतून एकत्र वाहणाऱ्या वायू आणि द्रवाच्या अभ्यासात एक गुणोत्तर मांडले. त्याचे आज वापरले जाणारे रूप सोपे आहे: द्रवाच्या वजनी प्रवाहाला वायूच्या वजनी प्रवाहाने भागायचे आणि उत्तराला वायूची घनता भागिले द्रवाची घनता याच्या वर्गमुळाने गुणायचे. आपल्या उदाहरणात पहिला भाग ०.१ आणि दुसरा ०.०५ चे वर्गमूळ, म्हणजे ०.२२४, गुणाकार ०.०२२४. हे गुणोत्तर ०.३ पर्यंत असेल तर त्या प्रवाहाला ‘ओला वायू’ म्हणण्याचा संकेत आहे. १९६२ मध्ये मरडॉक यांनी ऑरिफिस मीटरवरील प्रयोगांतून दाखवले की या गुणोत्तराला १.२६ ने गुणून त्यात १ मिळवले की मीटर किती पट जास्त दाखवतो ते मिळते. ०.०२२४ गुणिले १.२६ म्हणजे ०.०२८. तेच आपले २.८ टक्के.

दर सेकंदाला १० किलो म्हणजे दिवसाला ८६४ टन वायू. त्याचे २.८ टक्के म्हणजे रोज २४ टन असा वायू, जो कधी गेलाच नाही पण कागदावर आला. प्रमाण स्थितीत (ठरावीक तापमान आणि दाबाला) एक घनमीटर वायूचे वजन ०.७ किलो धरले तर हे साडेचौतीस हजार घनमीटर होतात. एका घरचा स्वयंपाकाचा वापर महिन्याला १५ घनमीटर धरल्यास जवळपास सत्तर हजार घरांच्या रोजच्या चुलीइतका. विक्रीच्या वायूत एवढा द्रव सहसा नसतो, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. हे उदाहरण विहिरीजवळच्या, द्रव अजून नीट वेगळा न केलेल्या वायूचे आहे. परंतु तेलक्षेत्रात वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या एकाच टाकीला, म्हणजे सेपरेटरला, अनेक विहिरी जोडलेल्या असतात, कधी अनेक मालकांच्याही, आणि कोणाच्या विहिरीतून किती आले याची वाटणी अशाच ओल्या वायूवरच्या मीटरांनी होते. तिथे हे दोनतीन टक्के थेट एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात.

मापनातल्या इतर बहुतेक चुका दोन्ही बाजूंना डोलतात. ट्रान्समीटर आज किंचित वर असेल, उद्या किंचित खाली. महिन्याच्या बेरजेत त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. द्रवामुळे होणारी चूक बहुतेक वेळा एकाच दिशेची असते. ती रोज त्याच बाजूला साचत जाते आणि कितीही महिन्यांची सरासरी काढली तरी कमी होत नाही. मीटरची अचूकता अमुक टक्के असे जे प्रमाणपत्रावर लिहिलेले असते, ते कोरड्या वायूवर घेतलेल्या चाचणीचे असते. ऑरिफिस आणि (ज्याच्याबद्दल पुढे येईलच त्या) व्हेंच्युरी मीटरांसाठीचे आयएसओ ५१६७ हे आंतरराष्ट्रीय मानक तर स्पष्टच सांगते की नळी पूर्ण भरलेली आणि त्यातला पदार्थ एकाच अवस्थेत असला पाहिजे. द्रव आला की प्रमाणपत्रावरचा तो आकडा त्या मीटरला लागूच राहत नाही.

मरडॉक यांच्या सूत्रावर काम तिथेच थांबले नाही. त्यांच्या सूत्रात दाबाचा वेगळा विचार नव्हता. १९७७ मध्ये चिझम यांनी दाखवले की वायू आणि द्रव यांच्या घनतांतला फरक कमी होत जातो तशी, तेच गुणोत्तर असतानाही, चूक कमी होते. कारण दाब वाढला की वायू जड होतो आणि थेंबांना सहज सोबत नेतो. आपल्या उदाहरणात चिझम यांच्या सूत्राने २.९ टक्के येतात, म्हणजे दोन्ही सूत्रे जवळजवळ एकच सांगतात. पुढे १९९७ मध्ये डे लेव यांनी व्हेंच्युरी मीटरसाठी वायूच्या वेगाचा परिणाम त्यात आणला. व्हेंच्युरीत आडवी चकती नसते. नळी हळूहळू अरुंद होते आणि पुन्हा रुंद होते. आपलाच प्रवाह सहा इंची नळीतल्या व्हेंच्युरीतून नेला तर त्यांच्या सूत्राने जादा आकडा ६ टक्क्यांच्या जवळ जातो, ऑरिफिसच्या दुपटीने. तरीसुद्धा ओल्या वायूसाठी अभियंते बहुधा व्हेंच्युरीच पसंत करतात. वरवर विचित्र वाटले तरी त्यामागचे कारण भक्कम आहे. व्हेंच्युरीत द्रव अडून बसायला जागा नसते, त्यामुळे तिची चूक मोठी असली तरी ठरलेल्या नियमाने वागते, आणि जी चूक नियमाने वागते ती वजा करता येते. उलट ऑरिफिसची चकती तळाशी बंधाऱ्यासारखी उभी असते. तिच्यामागे द्रव साचतो, मग एखाद्या क्षणी उचलला जातो, पुन्हा साचतो; आकडा अस्थिर होतो. द्रव अगदी कमी असताना तर काही प्रयोगांत ऑरिफिस मीटर जास्त दाखवण्याऐवजी किंचित कमी दाखवतानाही आढळला आहे. म्हणून कोरड्या समजल्या जाणाऱ्या वायूत जेमतेम ओल असेल, तर वरचे सूत्र डोळे झाकून लावणे मला धोक्याचे वाटते. तिथे सूत्राऐवजी द्रवच काढून टाकावा.

चकतीच्या तळाशी एक बारीक छिद्र पाडून साचलेला द्रव पुढे जाऊ देण्याची जुनी पद्धत आहे. द्रव त्यातून निघतो, पण थोडा वायूही निघतो, आणि तो हिशेबात धरावा लागतो. शिवाय ते छिद्र कचऱ्याने बुजले तर कोणाला कळत नाही आणि त्यासाठी हिशेबात केलेली दुरुस्ती मात्र चालूच राहते.

या सर्व सूत्रांत एक मोठी अडचण आहे. चूक किती हे काढण्यासाठी द्रव किती हे आधी माहीत असावे लागते, आणि तेच तर ठाऊक नसते. द्रवाचा आकडा दुसरीकडून आणावा लागतो. कधी विहीर चाचणीच्या सेपरेटरमध्ये वळवून वायू आणि द्रव वेगळे मोजतात आणि ते प्रमाण पुढील चाचणीपर्यंत कायम आहे असे धरतात. कधी वाहिनीत ठराविक मात्रेने विशिष्ट रंगद्रव्य सोडतात आणि काही अंतरावर द्रवाचा नमुना घेऊन ते किती पातळ झाले हे तपासतात. जितके पातळ तितका द्रव जास्त. आणखी एक युक्ती मला विशेष आवडते. व्हेंच्युरीच्या पुढे, प्रवाह पुन्हा स्थिरावतो तिथे, दाबाची तिसरी जोडणी काढायची. कोरड्या वायूने अरुंद भागात खर्च केलेला बराचसा दाब पुढे परत मिळतो. ओल्या वायूला तेवढा मिळत नाही, कारण थेंबांना दिलेला वेग वाया जातो. किती दाब परत मिळाला नाही यावरून द्रवाचे प्रमाण काढता येते. २०१२ च्या आयएसओ ११५८३ या तांत्रिक अहवालात ही पद्धत दिलेली आहे. द्रव फार वाढला की तिची संवेदना मंदावते, पण मर्यादेत ती चांगली चालते, आणि तिच्यासाठी एक जास्तीची जोडणी एवढेच लागते.

चकतीपाशी द्रव नसतानाही त्याने चूक घडवण्याची एक जागा आहे, आणि ती मी अनेकदा दुर्लक्षित पाहिली आहे. चकतीच्या दोन्ही बाजूंचा दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या बोटभर जाडीच्या दोन नळ्या असतात, त्यांना इम्पल्स लाइन म्हणतात. वायूच्या मापनात या नळ्या रिकाम्या, म्हणजे फक्त वायूने भरलेल्या असायला हव्यात. म्हणूनच ट्रान्समीटर वाहिनीच्या वर बसवायचा आणि नळ्यांना सलग उतार द्यायचा, म्हणजे थेंब आला तरी तो मागे वाहिनीत ओघळून जाईल. परंतु नळी वळवताना कुठेतरी झोळ पडतो, किंवा हाताला सोयीचे म्हणून ट्रान्समीटर खाली बसवला जातो. मग एका नळीत २५ मिलिमीटर उंचीचे पाणी उभे राहिले तरी पुरे. दाबाचा फरक १००० मिलिमीटर पाण्याइतका असेल तर २५ मिलिमीटरने तो २.५ टक्क्यांनी बदलतो आणि वर्गमुळामुळे प्रवाहात सव्वा टक्क्याची चूक येते. रात्री मागणी घटली आणि फरक १०० मिलिमीटरवर आला, तर त्याच बोटाच्या पेराएवढ्या पाण्याने प्रवाहात १२ टक्क्यांची चूक होते. पाणी चढ्या दाबाच्या नळीत असेल तर आकडा वाढतो, उतरत्या दाबाच्या नळीत असेल तर घटतो. या चुकीचा वायूच्या प्रवाहाशी संबंध नाही. पाना फिरवून नळी मोकळी केली की ती जाते. तरीही मोठमोठी सूत्रे चर्चेला घेण्याआधी हे पाहिले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

‘मग हे जुने मीटर काढून अल्ट्रासॉनिक का बसवत नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. मोठ्या वाहिन्यांवर ते बसवले जात आहेतच. त्यात ध्वनीची स्पंदने प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने तिरपी सोडतात आणि दोन्हींना लागलेल्या वेळेतल्या फरकावरून वायूचा वेग काढतात. वेगाला नळीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की प्रवाह मिळतो. अडचण या क्षेत्रफळात आहे. आतला व्यास २०० मिलिमीटर असलेल्या नळीच्या भिंतीवर सगळीकडून अर्ध्या मिलिमीटर जाडीचा द्रवाचा थर बसला, तर वायूला उरलेली जागा १ टक्क्याने कमी होते. तेवढाच वायू जास्त वेगाने जातो आणि मीटर, पूर्ण क्षेत्रफळ मोकळे आहे असे समजून, १ टक्का जास्त दाखवतो. तळाशी १० मिलिमीटर खोल द्रव वाहत असेल तर हीच चूक १.९ टक्क्यांच्या आसपास जाते. वायू पुढे पळतो आणि द्रव तळाशी रेंगाळतो, त्यामुळे प्रवाहात द्रवाचा जेवढा वाटा असतो त्यापेक्षा नळीत त्याने अडवलेली जागा जास्त असते, हेही इथे विसरून चालत नाही. मात्र अल्ट्रासॉनिक मीटरचा एक मोठा गुण आहे: तो आपली अडचण बोलून दाखवतो. संदेश क्षीण होतो, खालच्या मार्गावरची स्पंदने गळू लागतात, वरच्या आणि खालच्या मार्गांवर मोजलेला ध्वनीचा वेग जुळेनासा होतो. या खुणा रोज वाचणारा माणूस असेल तर द्रव आल्याचे त्याच दिवशी कळते.

वायूच्या जोराने पाती फिरवून प्रवाह मोजणाऱ्या टर्बाइन मीटरला द्रव मानवतच नाही. वेगाने आलेला लोंढा पाती वाकवतो किंवा तोडतो. कोरिऑलिस मीटर कंप पावणाऱ्या नळ्यांतून वस्तुमान थेट मोजतो, पण थेंब आणि वायू त्या कंपनांबरोबर एकसारखे हलत नाहीत, त्यामुळे त्याचाही आकडा डळमळतो. नळ्या हलत्या ठेवण्यासाठी लागणारा वाढीव जोर ही तिथली धोक्याची खूण.

घरी पाइपचा गॅस वापरणाऱ्यांनी या सगळ्याने काळजीत पडू नये. शेगडीपर्यंत येणाऱ्या वायूचा दाब सामान्यतः २१ मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम २ टक्क्यांनी जास्त असतो, आणि तो प्रक्रिया होऊन, गाळून आलेला कोरडा वायू असतो. दाभोळसारख्या ठिकाणी द्रवरूपात जहाजाने येऊन पुन्हा वायूरूप केलेल्या नैसर्गिक वायूत तर पाण्याचा प्रश्न मुळातच उरत नाही, कारण इतक्या खाली थंड करण्याआधी पाणी पूर्ण काढावे लागते. नाहीतर त्याचा बर्फ होऊन यंत्रे तुंबली असती.

द्रवामुळे नुकसान कोणाचे होते, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. मीटर जास्त दाखवतो म्हणजे घेणारा बुडतो, असे पटकन वाटते. द्रव जर पाणी असेल तर ते खरेच आहे: तो न मिळालेल्या वायूचे पैसे देतो आणि वर पाणी काढण्याचा खर्च सोसतो. परंतु द्रव कंडेन्सेट असेल तर आपल्या उदाहरणात दर सेकंदाला १ किलो जळणारा, विकला जाणारा पदार्थ वाहिनीतून जात आहे, आणि मीटरने त्याच्याबद्दल फक्त २८० ग्रॅम वायू वाढवून लिहिला आहे. म्हणजे विकणाऱ्याचे सुमारे ७०० ग्रॅम मोजले गेलेच नाहीत. मोठे व्यवहार वायूच्या उष्मांकावर होतात, आणि तो काढण्यासाठी घेतलेल्या नमुन्यात एखादा थेंब शिरला तर विश्लेषकाला वायू आहे त्यापेक्षा जड दिसतो आणि उष्मांकही चढा येतो. थेंब नमुन्याच्या नळीतच अडकला तर उलट. एकाच द्रवाने आकारमान आणि उष्मांक दोन्ही बिघडवले की कोणाचे किती गेले हे नंतर बसून सोडवणे फार अवघड होते. म्हणून वाद सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांनी मिळून द्रवाचा नमुना बाटलीत घ्यावा आणि तो काय आहे हे तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

उपाय बहुतेक साधे आहेत आणि ते मीटरच्या आधी करायचे असतात. सेपरेटर आणि बारीक थेंब एकत्र आणून खाली पाडणारा फिल्टर नीट चालत आहेत का, त्यांच्या तळाची पातळी कोणी पाहते का, मीटरच्या आधी वाहिनीत सखल, खोलगट भाग राहिला आहे का, दाब उतरवण्याआधी वायू तापवला जातो का, उघड्या वाहिनीला उष्णतारोधक आवरण आहे का. त्या ठाण्यावर आम्ही हेच केले. उघड्या भागावर आवरण चढवले, फिल्टरची ड्रेन लाइन अर्धी तुंबलेली सापडली ती साफ केली, आणि मीटरच्या मागे सर्वांत खालच्या जागी द्रव साचेल अशी एक छोटी भांड्यासारखी नळी बसवली. पहिल्या आठवड्यात तिच्यातून रोज सकाळी थोडे कंडेन्सेट निघत होते, नंतर ते थेंबांवर आले. तासातासाच्या आकड्यांवरचा पहाटेचा उंचवटा गेला. त्यानंतरही दोन ठाण्यांत अगदी थोडा फरक राहिला, पण तो दिवसरात्र सारखाच होता आणि त्याचे कारण नंतर मागच्या ठाण्याच्या प्लेटवर सापडले: तिच्या छिद्राची धारदार कड झिजून गोल झाली होती, आणि अशी प्लेट आहे त्यापेक्षा कमी प्रवाह दाखवते.